अंतर्गृहातील भव्य शिल्पांचे कृष्णधवल छायाचित्रण

संग्रहालयाचे दालन, प्रार्थनास्थळ, स्मारकाचा मंडप अशा छताखालच्या जागेतील, माणसापेक्षा कितीतरी मोठ्या शिल्पाचे केवळ काळ्या, पांढऱ्या व करड्या छटांत छायाचित्र घेण्याचा प्रकार. लहान मूर्ती टेबलावर ठेवून फिरवता येते, दिवे हवे तिथे लावता येतात. भव्य शिल्प जागचे हलत नाही आणि त्यावरचा प्रकाशही बहुधा दुसऱ्याच कोणीतरी ठरवलेला असतो. म्हणून इथे कसब लागते ते कुठे आणि कधी उभे राहायचे हे ठरवण्यात. कॅमेरा नंतर येतो.

शिल्प हा छायाचित्रणाचा अगदी सुरुवातीपासूनचा विषय. पांढरे प्लास्टर त्या काळच्या मंद, म्हणजे प्रकाशाला कमी संवेदनक्षम, कागदावरही चांगले उमटे आणि पुतळा हलण्याची भीती नसे. छायाचित्रणाचे एक आद्य प्रवर्तक विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ (१८४४–४६) या ग्रंथात ग्रीक पुराणकथेतील योद्धा पॅट्रोक्लस याच्या अर्धपुतळ्याचे चित्र छापले. थेट उन्हात सावल्या फार कडक पडतात, तेव्हा ढगाळ प्रकाश बरा, नाहीतर दुसऱ्या बाजूला पांढरे कापड धरून सावली उजळावी, असा त्यांचा सल्ला होता. आजचा रिफ्लेक्टर याहून फार वेगळा नाही. पुढे कलेतिहासकार हाइनरिश वोल्फलिन यांनी १८९६ पासून लिहिलेल्या लेखांत, शिल्प कुठल्याही कोनातून टिपणाऱ्या छायाचित्रकारांवर टीका केली आणि शिल्पाला त्याची स्वतःची एक मुख्य बाजू असते, असा आग्रह धरला. सर्वच शिल्पांना हा नियम लागू पडत नाही. पण मुख्य बाजू आहे का, हे आधी पाहण्याची सवय चांगली.

रंग वजा झाल्यावर घडण दाखवायला उरतो तो फक्त छायाप्रकाश. समोरून सपाट उजेड पडला की दगडाचा उठाव जातो. बाजूने, थोडा वरून आला की छिन्नीच्या खुणाही दिसतात. फ्लॉरेन्सच्या आकादेमिया दालनातील मायकेलअँजेलोचा ५.१७ मीटर उंचीचा ‘डेव्हिड’ काचेच्या छतातून उतरणाऱ्या उजेडात उभा आहे. हा उजेड केसांच्या वळ्या आणि छातीचे स्नायू सुरेख उचलून धरतो, पण भुवयांखाली सावली साचवतो. डोळ्यांच्या बाहुल्या खोल कोरलेल्या असल्यामुळे त्या सावलीतही नजर हरवत नाही. मात्र एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात शिरू दिलेला प्रकाश, कमी पडले तर डोळ्यांच्या जागी नुसते काळे डाग उरतात.

उलटे उदाहरण वॉशिंग्टनच्या लिंकन स्मारकाचे. तिथला सुमारे ५.८ मीटर उंचीचा बसलेला पुतळा १९२२ मध्ये खुला झाला, तेव्हा समोरून येणारा आणि जमिनीवरून परावर्तित होणारा उजेड चेहऱ्यावर खालून पडत होता. गंभीर लिंकन दचकल्यासारखे दिसू लागले. शिल्पकार डॅनियल चेस्टर फ्रेंच यांनी हवा तो प्रकाश आणि प्रत्यक्षातला प्रकाश यांची छायाचित्रे शेजारी ठेवून हा दोष दाखवून दिला, आणि पुढे छतात विजेचे दिवे बसले.

स्वतःचा दिवा लावायची मुभा असली तरी उंची आड येते. दिवा डोक्यापासून २ मीटर आणि पायांपासून ६ मीटर अंतरावर असेल तर पायांना नवव्या हिश्शाइतकाच उजेड मिळतो, म्हणजे तीन स्टॉपहून अधिक फरक (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). उपाय म्हणजे दिवा लांब नेणे, किंवा अंधारात शटर उघडे ठेवून टॉर्च शिल्पावरून फिरवत राहणे.

प्रकाशमापक समोरचे सगळे मधल्या करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. त्याच्या भरवशावर पांढरा संगमरवर मळकट येतो आणि काळपट ब्राँझ फिकट पडते. संगमरवराला एक ते दोन स्टॉप जास्त, ब्राँझला तितकेच कमी द्यावे लागते. कमी उजेडात एक्स्पोजर काही सेकंदांचे होते, आणि फिल्म असेल तर मोजलेल्या वेळेपेक्षाही जास्त द्यावे लागते, कारण लांब एक्स्पोजरला तिची संवेदनक्षमता घसरते. काही मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये ये-जा करणारे लोक चित्रातून नाहीसे होतात. तरी सगळ्यांना घालवणे शहाणपणाचे नाही: शेजारी एखादा माणूस नसेल तर पाच मीटरचा पुतळा आणि वीतभर मूर्ती कागदावर सारखीच दिसते.

खालून कॅमेरा वर वळवला की डोके लहान होते, पाय फुगतात. मागे सरकून लांब नाभ्यंतराची (दूरचे जवळ आणणारी) लेन्स वापरणे, सज्जातून शिल्पाच्या मध्याच्या उंचीवरून घेणे किंवा शिफ्ट लेन्स (कॅमेरा न वाकवता चौकट वर सरकवणारी) लावणे हे नेहमीचे इलाज. पण ‘डेव्हिड’ मुळात कॅथेड्रलच्या उंच कडेसाठी ठरवलेला होता आणि त्याचे डोके व हात मोठे असण्याचे कारण बहुधा तेच सांगितले जाते. असा पुतळा समोरासमोर, ‘दुरुस्त’ करून घेतला की बेढब वाटू शकतो. थोडी विकृती राहू देणे इथे अधिक प्रामाणिक.

अनिश कपूर यांचे ‘मार्सियस’ (२००२) लंडनच्या टेट मॉडर्नमधील टर्बाइन हॉलभर पसरले होते, आणि कुठूनही ते एका नजरेत मावत नसे. अशा शिल्पाचे एक चित्र पुरत नाही, मालिकाच करावी लागते. त्याचे लाल पीव्हीसी (प्लास्टिक) लेन्ससमोर लावलेल्या लाल फिल्टरने (रंगीत काचेने) फिकट, हिरव्याने जवळजवळ काळे येईल; तेच शिल्प, वजन मात्र निराळे. डिजिटल कॅमेऱ्यात हा निर्णय मागाहून, रंगवाहिन्यांचे (चित्रातील लाल, हिरव्या व निळ्या थरांचे) प्रमाण बदलून घेता येतो. जुन्या संगमरवरावरचे पिवळट डाग पिवळ्या किंवा नारिंगी फिल्टरने झाकता येतात. खिडकीचा निळसर उजेड आणि बल्बचा पिवळा यांची सरमिसळ रंगीत चित्राचा विचका करते. कृष्णधवलात ती कटकटच नाही. चकचकीत धातूवरचे प्रतिबिंब मात्र पोलरायझरनेही (चकाकी कमी करणाऱ्या फिल्टरनेही) सहसा जात नाही, त्यासाठी जागाच बदलावी लागते.

रंगवलेल्या शिल्पांवर हे माध्यम अन्याय करते. प्राचीन ग्रीक पुतळे मुळात रंगीत होते. ते पांढरेशुभ्र असल्याची समजूत युरोपात आधीपासून होती, कृष्णधवल छायाचित्रांनी ती आणखी घट्ट केली.

संग्रहालयांत फ्लॅश व तिपाईला बऱ्याचदा बंदी असते. हयात शिल्पकाराच्या कामाला स्वामित्वहक्क लागू राहतो. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यानुसार जनतेला खुल्या असलेल्या वास्तूत कायमस्वरूपी बसवलेल्या शिल्पाचे छायाचित्र घेता येते, जर्मनीत ही सवलत इमारतीच्या आतल्या शिल्पांना नाही.