नवगावला फुटलेले गलबत आणि नोंदी नसलेले पूर्वज

अलिबागच्या उत्तरेला किनाऱ्यालगत नवगाव आहे. फार पूर्वी इथे एक गलबत फुटले, त्यातले सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या आणि त्यांच्यापासून आपला समाज वाढला, असे कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी, पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. बुडालेल्यांना जिथे पुरले ती जागा म्हणून नवगावची दफनभूमी आजही दाखवली जाते. जवळचे धर्मग्रंथ समुद्राने नेले, अशी आठवण आहे. हे नेमके केव्हा घडले याबद्दलचे तर्क इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकापासून इसवी सनाच्या सहाव्या शतकापर्यंत पसरलेले आहेत, म्हणजे अंदाजात सुमारे चौदाशे वर्षांचे अंतर आहे.

महाराष्ट्रात एखाद्याला आपली वंशावळ शोधायची असेल तर तो त्र्यंबकेश्वरच्या किंवा नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या उघडतो, घराण्याचा कुलवृत्तान्त पाहतो, मोडीतली इनामपत्रे वाचून घेतो. बेने इस्रायलांच्या बाबतीत अठराव्या शतकाच्या मागे गेले की असा आधार जवळजवळ संपतो. पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर, नवगावकर ही आडनावे पूर्वज कोणत्या गावी राहत होते ते सांगतात. त्या गावी ते कुठून आले, हे सांगत नाहीत. माणसांची नावेही इथल्या वळणाची झाली होती. मुंबईत 1796 मध्ये पहिले सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचे प्रार्थनास्थळ, बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे आपल्या लोकांत सामाजी हसाजी होते, आणि जुन्या कागदात नुसते ‘सामाजी’ एवढेच आले तर तो यहुदी आहे हे ओळखणे कठीणच.

लेखी पुरावा नसला तरी आचार मात्र टिकले होते. घाण्यावर तेल गाळणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावोगाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. मुलाची सुंता आठव्या दिवशी होई. डेव्हिड रहाबी नावाच्या यहुदी पाहुण्याने या समाजातल्या बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले, तेव्हा खवले आणि पर नसलेले मासे त्यांनी बाजूला काढले आणि त्यावरून त्याला ओळख पटली, अशीही कथा आहे. मासळी निवडणाऱ्या हातांनी धर्मशास्त्राचा नियम जपला होता, हे मला त्या गलबतापेक्षाही महत्त्वाचे वाटते. मात्र आचार शिकूनही येतात. रक्ताच्या नात्याबद्दल त्यांवरून निश्चित काही सांगता येत नाही, आणि म्हणून इथे डीएनएकडे वळावे लागते.

आपल्या पेशींतील मायटोकाँड्रिया, म्हणजे ऊर्जा तयार करणारे सूक्ष्म भाग, यांचा डीएनए फक्त आईकडून येतो. जेमतेम 16,569 अक्षरांची ही लिपी आई, आजी, पणजी या एकाच धाग्याने, क्वचित एखादे अक्षर बदलत, मागे जाते. बेने इस्रायलांमध्ये हा धागा बहुतांशी भारतीय उपखंडातल्या स्त्रियांपर्यंत पोचतो, आणि त्याही मोजक्याच स्त्रियांपर्यंत.

2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 18 बेने इस्रायल व्यक्तींच्या जनुकसंचभरातील निवडक जागांची माहिती 41 यहुदी, भारतीय आणि पाकिस्तानी समूहांतील 486 व्यक्तींशी ताडून पाहिली गेली. बेने इस्रायल जनुकीयदृष्ट्या आसपासच्या भारतीय समाजांसारखेच दिसले, पण त्यांच्याहून स्पष्टपणे वेगळेही. आणि अभ्यासलेल्या भारतीय व पाकिस्तानी समूहांत इतर यहुद्यांशी लक्षणीय वारसा जुळणारा हा एकच समूह निघाला. यहुदी आणि स्थानिक वारशाचा हा मिलाफ 19 ते 33 पिढ्यांपूर्वीचा असावा, असे गणित निघाले.

कागद नसताना पिढ्या कशा मोजल्या, हे गोधडीवरून समजून घेता येईल. दोन रंगांची लुगडी एकत्र शिवली, पुढच्या पिढीने ती गोधडी कापून पुन्हा जोडली, त्यापुढच्या पिढीनेही तेच केले, तर प्रत्येक वेळी एका रंगाचा सलग तुकडा लहान होत जाईल. आईवडिलांकडून आलेली गुणसूत्रे मुलाकडे जाण्यापूर्वी अशीच एकमेकांत तुटतात आणि जुळतात. न तुटता आलेला तुकडा दहा पिढ्यांनंतर सरासरी 10 सेंटिमॉर्गन (गुणसूत्रावरचे अंतर मोजण्याचे एकक) लांबीचा उरतो, तर पंचवीस पिढ्यांनंतर 4 सेंटिमॉर्गनचा. तुकडे किती आखूड झाले आहेत यावरून शिवण केव्हा घातली ते कळते. एक पिढी 29 वर्षांची धरली, तर 19 ते 33 पिढ्यांचा काळ साधारण 550 ते 950 वर्षांपूर्वीचा येतो.

यावरून नवगावची कथा खोटी ठरली असे म्हणण्याची घाई करू नये. हे गणित मिश्रणाचा काळ सांगते, आगमनाचा सांगत नाही. आलेले लोक कित्येक शतके वेगळे राहिले असतील, किंवा मिश्रण अनेक पिढ्या चालू राहिल्याने सरासरी तारीख अलीकडे सरकली असेल. शिवाय कथेतला एक भाग जनुकांनीही उचलून धरला आहे. मिलाफानंतर समाजाची संख्या फार थोडी राहिली होती आणि लग्ने आपापसांतच होत राहिली, असे त्याच अभ्यासात दिसते. सात जोडपी हा आकडा अक्षरशः घेण्याचे कारण नाही. पण आपण फार थोडे उरलो होतो, ही आठवण खरी आहे.

या आपापसांतल्या लग्नांमुळे आज वंशावळ शोधणाऱ्या कुटुंबांची पंचाईत होते. घरी मागवलेल्या डीएनए चाचणीत दोन किहीमकर किंवा एक पेणकर आणि एक रोहेकर सख्खे चुलत-मावस असल्यासारखे दिसतात, कारण त्यांचे पूर्वज एकदा नव्हे तर पाचसहा वाटांनी एकच असतात. अशा वेळी एकूण जुळणीपेक्षा सर्वांत लांब सलग तुकडा पाहावा, आणि त्याच्या जोडीला आडनावाचे गाव, दफनभूमीतले दगड आणि वयोवृद्धांनी सांगितलेली सोयरीक धरावी. हीच लग्ने काही अप्रभावी, म्हणजे आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आले तरच होणाऱ्या, आनुवंशिक आजारांचा धोका वाढवतात, म्हणून ही माहिती डॉक्टरांच्याही कामाची आहे.

सर्वांत बोलका पुरावा एक्स गुणसूत्राचा आहे. बाईकडे ती दोन असतात आणि पुरुषाकडे एक, त्यामुळे समाजातल्या एक्स गुणसूत्रांचा दोनतृतीयांश वाटा स्त्रियांकडे असतो. या गुणसूत्रावर यहुदी वारसा इतर गुणसूत्रांपेक्षा कमी भरला, म्हणजे मध्यपूर्वेतून आलेले पूर्वज मुख्यतः पुरुष होते आणि पूर्वजा मुख्यतः इथल्या. गलबतातून सात स्त्रिया वाचल्या असे कथा सांगते, पण किनाऱ्यावर आधीपासून असलेल्या स्त्रियांचा तिच्यात उल्लेखच नाही. समाजाला ठाऊक असलेले पूर्वज समुद्रातून आले, आणि निसटले ते याच मातीतले. त्या स्त्रिया कोणत्या गावच्या होत्या, कोणत्या घरातल्या, हे डीएनए सांगू शकत नाही. पण आज ठाण्यात किंवा इस्रायलमधल्या अश्दोदमध्ये राहणाऱ्या त्यांच्या नातवंडांच्या पेशी-पेशींत त्यांची 16,569 अक्षरे जवळपास जशीच्या तशी आहेत.