मोजपट्टी लावून पारखलेला इतिहास

२०१५च्या ऑक्टोबरातली गोष्ट. टेक्सासमधल्या पंधरा वर्षांच्या एका मुलाने भूगोलाच्या पुस्तकातल्या एका पानाचा फोटो काढला आणि आईला पाठवला. धडा स्थलांतराचा. नकाशावर एक छोटी चौकट, आणि तिच्यात लिहिलेलं, की अटलांटिक गुलाम व्यापारातून आफ्रिकेतले लाखो ‘कामगार’ दक्षिणेकडच्या मळ्यांवर काम करायला आणले गेले. कामगार! म्हणजे जणू मजुरी ठरली होती आणि आठवड्याची सुट्टीही होती. आईने ते पान समाजमाध्यमांवर टाकलं, गदारोळ झाला, प्रकाशकाने माफी मागितली.

तीन वर्षांनी, २०१८मध्ये, अमेरिकेतल्या बारावीच्या १,००० मुलांची पाहणी झाली. उत्तर आणि दक्षिणेतल्या यादवी युद्धाचं (१८६१-६५) मुख्य कारण गुलामगिरी, हे फक्त ८ टक्के मुलांना सांगता आलं. त्याआधी २०१०च्या राष्ट्रीय चाचणीत बारावीच्याच मुलांना सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४च्या प्रसिद्ध निकालातला, गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणाऱ्या निकालातला, उतारा देऊन विचारलं होतं, की हा निकाल कुठला सामाजिक प्रश्न सोडवण्यासाठी होता. उताऱ्यातच वेगळ्या शाळांचा उल्लेख होता. पूर्ण उत्तर देणारे निघाले २ टक्के. असे आकडे आले की ‘आजकालची मुलं वाचतच नाहीत’ हे ठरलेलं वाक्य येतं. पण मुलांनी वाचायचं ते पुस्तकात होतं कुठे?

खरं तर युद्धाचं कारण लपवण्यासारखं नव्हतंच. १८६०च्या जनगणनेत देशात सुमारे ४० लाख गुलाम होते, म्हणजे दर आठ माणसांमागे एक. १८६१मध्ये संघराज्यातून फुटताना मिसिसिपीने जाहीरनामा काढला, त्यात आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे असं स्वतःच लिहून ठेवलं. फुटणाऱ्यांना लाज नव्हती. लाज वाटली ती पुढच्या पिढीला, आणि तीही हरल्यावर.

१८९४मध्ये नॅशव्हिल इथे दक्षिणेकडच्या सैनिकांच्या लेकीसुनांची एक संघटना निघाली, ‘युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी’. चौकाचौकांतले पुतळे हे तिचं दिसणारं काम. न दिसणारं काम शाळेच्या पुस्तकांत झालं. जॉर्जियातल्या मिल्ड्रेड रदरफोर्ड या बाई काही वर्षं संघटनेच्या मुख्य इतिहासकार होत्या. त्यांनी १९२०च्या सुमारास एक पुस्तिका काढली आणि तिचं नावच ‘मोजपट्टी’ ठेवलं. पाठ्यपुस्तकं कशी पारखायची याचे नियम त्यात आहेत. दक्षिणेचे लोक गुलाम राखण्यासाठी लढले असं म्हणणारं पुस्तक नाकारा. गुलामांच्या मालकाला क्रूर म्हणणारं पुस्तक नाकारा. लिंकनचा उदोउदो करून फुटलेल्या दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याला नावं ठेवणारंही नाकारा. ग्रंथपालांना वेगळी सूचना होती. अशी पुस्तकं कपाटात असलीच तर त्यांच्यावर ‘दक्षिणेवर अन्याय करणारे’ असा शेरा मारा. पुस्तक निवडणाऱ्या समित्यांपुढे ही मोजपट्टी ठेवली गेली. धंदा बुडवायचा नसेल तर प्रकाशक काय करणार, हे सांगायला नको.

आणि हे निव्वळ दक्षिणेचं खूळ होतं असंही नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात विल्यम डनिंग आणि त्यांच्या शिष्यांनी गुलामगिरी संपल्यानंतरच्या बारा वर्षांचा, म्हणजे १८६५ ते १८७७चा इतिहास लिहिला. कृष्णवर्णीयांना मताचा अधिकार देणं ही घोडचूक होती, असा त्याचा सूर. हेच पुढे शाळांत उतरलं. मराठी वाचकाने इथे थोडं थांबावं, कारण १९१३ ते १९१६ या काळात, डनिंग तिथे प्राध्यापक असताना, त्याच विद्यापीठात भीमराव आंबेडकर नावाचा तरुण शिकत होता. या सगळ्याला सर्वांत सडेतोड उत्तर दिलं ते कृष्णवर्णीय इतिहासकार डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांनी. १९३५च्या त्यांच्या ग्रंथातलं शेवटचं प्रकरण शालेय पुस्तकांमधल्या खोटेपणावरच आहे. आणि १९४६मध्ये बाबासाहेबांनी पत्र लिहिलं ते याच डुबॉईसना. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या निवेदनाची प्रत त्यांना हवी होती.

त्याच्याही आधी, १८७३मध्ये, जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. तेव्हा दक्षिणेत कृष्णवर्णीय आमदार खरोखरच निवडून येत होते. पुण्यात बसून जोतीरावांनी ज्याचं कौतुक केलं, ते पुढच्या पन्नास वर्षांत अमेरिकेच्याच पुस्तकांत घोडचूक ठरलं.

व्हर्जिनियाने तर पुस्तकं लिहून घेण्यासाठी १९५०मध्ये सरकारी आयोगच नेमला. १९५७मध्ये शाळांत आलेल्या सातवीच्या पुस्तकातलं एक चित्र बघण्यासारखं आहे. जहाजाच्या डेकवर नीटनेटक्या कपड्यांतलं एक आफ्रिकी कुटुंब उभं आहे आणि गोरा मालक पुरुषाशी हस्तांदोलन करतो आहे. पाहुणे उतरावेत तसं.

हे चित्र छापलं जात होतं तेव्हा त्याच राज्यातल्या फार्मव्हिल गावातला संप ताजा होता. तिथल्या कृष्णवर्णीयांच्या हायस्कूलमध्ये जागेपेक्षा दुपटीहून जास्त मुलं होती. बाकीच्यांचे वर्ग डांबरी कागदाच्या खोपटांत, थंडीत शेगडी पेटवून. २३ एप्रिल १९५१ला सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने शक्कल लढवली. दोन मुलं बसस्थानकावर अडचणीत आहेत असा फोन करवून तिने मुख्याध्यापकांना बाहेर काढलं, सगळी शाळा सभागृहात जमवली आणि संप पुकारला. त्यातून उभा राहिलेला खटला १९५४च्या निकालात सामील झाला. सरकारचं उत्तर? १९५९मध्ये कौंटीने, म्हणजे तिथल्या जिल्ह्याने, सरकारी शाळांना सरळ कुलूप लावलं. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. बाकीची बहुतेक मुलं १९६३पर्यंत घरी, शेतावर किंवा दूरच्या नातेवाइकांकडे. सातवीतल्या मुलांनी इतिहासाचं पुस्तक वाचायला हवं होतं म्हणतात. त्या कौंटीत कृष्णवर्णीय मुलांना सातवीच नव्हती.

मिसिसिपीत १९६४च्या उन्हाळ्यात कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीतल्या तरुणांनी चर्चची तळघरं आणि झाडाखालची सावली मिळेल तिथे सुमारे चाळीस ‘स्वातंत्र्य शाळा’ चालवल्या. पण राज्याच्या शाळांत पुस्तक बदलायला कोर्टच गाठावं लागलं. जेम्स लोवेन आणि चार्ल्स सॅलिस यांनी नववीसाठी राज्याचा नवा इतिहास लिहिला, १९७४मध्ये समितीने तो नाकारला. खटला उभा राहिला तेव्हा समितीच्या एका सदस्याने पुस्तकातल्या एका छायाचित्रावर बोट ठेवलं. जमावाने ठार मारलेल्या कृष्णवर्णीय माणसाचं ते छायाचित्र. त्याचं म्हणणं असं, की नववीतली काही मुलं चांगली थोराड असतात, असलं काही पाहून बिथरली तर शिक्षिकेला वर्ग आवरणार नाही. न्यायाधीश मध्येच म्हणाले, पण असं घडलं होतं ना? घडलं होतं, पण जुनी गोष्ट, आता कशाला उकरायची, असं उत्तर आलं. तेव्हा न्यायाधीशांनी आठवण करून दिली, की हे इतिहासाचं पुस्तक आहे. १९८०मध्ये निकाल लेखकांच्या बाजूने लागला.

अलीकडचे वाद याच वाटेवरचे. २०१९मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने १६१९ साल, म्हणजे व्हर्जिनियात पहिले आफ्रिकी उतरवले गेले ते साल, देशाच्या कथेच्या केंद्रस्थानी आणलं. काही इतिहासकारांनी त्यातल्या दाव्यांवर आक्षेप घेतले आणि ते सगळेच आक्षेप राजकारणापोटी नव्हते. पुढे अनेक राज्यांत वर्गात काय शिकवू नये याचे कायदे झाले. २०२३मध्ये फ्लोरिडाच्या अभ्यासक्रमात एक ओळ आली, की गुलाम जी कौशल्यं शिकले ती काही बाबतींत त्यांना स्वतःच्या फायद्यासाठी वापरता आली. रदरफोर्डबाईंनी या ओळीवर शेरा मारला नसता.

न्यू जर्सी किंवा टेक्सासमधल्या आपल्या घरांना हा वाद ‘त्यांचा’ वाटतो. पण भारतीयांना तिथे स्थायिक व्हायला १९४६पासून वर्षाला फक्त १०० जागा होत्या. ही देशावार पद्धत मोडली ती १९६५च्या कायद्याने, नागरी हक्क चळवळीच्या ऐन भरात. आज तिथे आठवीत शिकणाऱ्या मराठी मुलाचे आजोबा ज्या दारातून आत गेले ते दार असं उघडलं, आणि हे पोराच्या पुस्तकात असतंच असं नाही.

उलट उदाहरणही आहे. कार्टर वुडसन यांनी, आईबाप गुलामगिरीत जन्मलेल्या या इतिहासकाराने, १९२६पासून फेब्रुवारीत कृष्णवर्णीय इतिहासाचा आठवडा सुरू केला. सरकारी पुस्तकात नसलेलं निदान सात दिवस तरी शिकवायचं. अलाबामातल्या माँटगोमेरीच्या एका शाळेत १९५५च्या फेब्रुवारीत शिक्षकांनी सबंध महिना तेच शिकवलं. त्या वर्गात पंधरा वर्षांची क्लॉडेट कॉल्विन होती. २ मार्चला बसमध्ये गोऱ्या बाईसाठी जागा सोडायला सांगितलं तेव्हा ती उठली नाही. त्याच शहरात तसंच करून गाजलेल्या रोझा पार्क्सच्या नऊ महिने आधी. पोलिसांनी तिला बेड्या घालून नेलं. का उठली नाहीस, असं पुढे लोक विचारत. ती गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या दोन स्त्रियांची नावं घेऊन सांगे, एका खांद्यावर हॅरिएट टबमनचा हात होता, दुसऱ्यावर सोजर्नर ट्रुथचा, मला उठताच येईना.