मॉस टेक्नॉलॉजी : २५ डॉलरच्या चिपची पार्श्वभूमी

१९७५ च्या सुमारास मायक्रोप्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू असलेली चिप, ही हौशी माणसाच्या आवाक्यातली वस्तू नव्हती. इंटेलची ८०८० ही चिप सुटी घ्यायची तर ३६० डॉलर मोजावे लागत. मोटोरोलाच्या ६८०० चिपची माहिती देत ग्राहकांकडे फिरणारे अभियंते चक पेडल यांना जागोजागी एकच उत्तर मिळे, की चिप उत्तम आहे, पण परवडत नाही. स्वस्त चिपचा त्यांचा आग्रह कंपनीने मानला नाही, तेव्हा १९७४ मध्ये ते काही सहकाऱ्यांसह पेनसिल्व्हेनियातल्या मॉस टेक्नॉलॉजी या छोट्या कंपनीत गेले. १९६९ मध्ये ॲलन-ब्रॅडली या उद्योगाच्या पाठबळावर सुरू झालेल्या या कंपनीचा मुख्य धंदा तोवर कॅल्क्युलेटरच्या चिपांचा होता.

तिथे त्यांनी बनवलेला मायक्रोप्रोसेसर म्हणजे २५ डॉलरची ६५०२ ही चिप. ६५०२ स्वस्त झाली ती आकारामुळे आणि मास्कमुळे. जेमतेम साडेतीन हजार ट्रान्झिस्टरांची ही चिप अभियंते बिल मेन्श आणि सहकाऱ्यांनी हाताने आखली होती, आणि ती ६८०० पेक्षा बरीच लहान असल्याने सिलिकॉनच्या एका चकतीवर जास्त चिपा बसत. चकतीवर सर्किट उमटवण्याचा छाप म्हणजे मास्क. त्यात दोष राहिला की तो प्रत्येक चकतीवर उमटतो आणि तयार मालातला मोठा हिस्सा कचऱ्यात जातो. मॉसच्या लोकांनी मास्कमधले दोष शोधून दुरुस्त करण्याचे तंत्र साधले होते. पेडल यांच्या धाडसाचे कौतुक पुष्कळ होते, परंतु माझ्या मते त्या किमतीचे खरे श्रेय या चिकाटीच्या, नजरेआड राहिलेल्या कामाला आहे.

सप्टेंबर १९७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या वेस्कॉन या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रदर्शनात विक्रीला मनाई होती, म्हणून पेडल यांनी जवळच्या हॉटेलात खोली घेतली आणि काचेच्या बरणीत चिपा भरून ठेवल्या. ६५०२ ची किंमत होती २५ डॉलर. बरणीच्या तळाशी न चालणाऱ्या चिपा होत्या, असे पेडल पुढे सांगत. भरलेली बरणी पाहून माल मुबलक आहे अशी खात्री लोकांना पटावी, एवढाच तिचा उद्देश होता. तिथे चिप घेणाऱ्यांत स्टीव्ह वॉझनिॲक होते, आणि त्यांनी बनवलेला पहिला ॲपल संगणक याच चिपवर उभा राहिला. काही आठवड्यांतच मोटोरोलाने ६८०० ची किंमत १७५ वरून ६९ डॉलरवर आणली.

एवढे यश पदरात असूनही कंपनी स्वतंत्र राहू शकली नाही. ६८०० च्याच सॉकेटमध्ये बसणाऱ्या ६५०१ या जोडचिपवरून मोटोरोलाने खटला भरला. १९७६ मध्ये ती चिप मागे घेऊन आणि दोन लाख डॉलर देऊन मॉसने तडजोड केली. त्याच काळात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने कॅल्क्युलेटरच्या किमती इतक्या पाडल्या की मॉसचा जुना धंदा कोलमडला, आणि त्याच वर्षी जॅक ट्रॅमिएल यांच्या कमोडोर या कंपनीने मॉस विकत घेतली. पुढे कमोडोर ६४ या तिच्या घरगुती संगणकात ६५०२ चीच सुधारित आवृत्ती होती.

भारतातही ही चिप पोहोचली. १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या संगणक साक्षरता प्रकल्पात शाळांना दिलेले बीबीसी मायक्रो संगणक ६५०२ वरच चालत. हे संगणक बनवणाऱ्या एकॉर्न कंपनीचे अभियंते नव्या प्रोसेसरच्या शोधात ॲरिझोनात मेन्श यांच्या स्वतंत्र कंपनीत गेले होते. तिथे मोजकी माणसे साध्या जागेत प्रोसेसर आखताना पाहून हे आपल्यालाही जमेल असा विश्वास त्यांना वाटला, आणि परतल्यावर त्यांनी आज बहुतेक मोबाइल फोनांत असणाऱ्या आर्म प्रोसेसरचे काम हाती घेतले.