संकटात विश्वास धरून राहणं (ख्रिस्ती परंपरा, इंदूर)

आजारपण, घरातलं मरण, नोकरी जाणं, डोक्यावर कर्ज, असल्या दिवसांत देवावरचा भरवसा न सोडणं याला मराठी ख्रिस्ती घरांत "विश्वासात टिकून राहणं" म्हणतात. ऐकायला वाटतं की मुकाट्यानं सोसायचं, पण पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं तर तिथे तक्रारच तक्रार आहे. त्यातल्या १५० स्तोत्रांपैकी (प्रार्थनागीतं) जवळपास तिसरा हिस्सा विलापाचा, १३व्या स्तोत्रात तर सरळ विचारलंय की देवा, मला कुठवर विसरणार. सगळं गमावून बसलेला ईयोब पानंच्या पानं देवाशी भांडतो आणि शेवटी देव रागावतो ते समजूत घालायला आलेल्या मित्रांवर (भेटायला येणाऱ्यांनी हे जरा लक्षात ठेवलं तर बरं). क्रूसावर येशू "एली, एली, लमा सबखथनी" (माझ्या देवा, माझ्या देवा, तू मला का सोडलंस) म्हणाला ते २२व्या स्तोत्राचंच पहिलं वाक्य. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटाकडे वळून स्तुतीवर येतात, ८८वं येत नाही, ते अंधारातच संपतं, तरी कुणी ते काढून टाकलं नाही.

इंदूरला कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचं काम १८७७ मध्ये सुरू झालं, ख्रिश्चन कॉलेज १८८७ चं. आज चर्चची उपासना जास्त करून हिंदीत होते, मराठी उरलीय घरात, आणि अडचण आली की ती बरोबर वर येते. कुणी ऍडमिट झालं की संध्याकाळी घरी प्रार्थना ठेवतात, जिन्यात चपलांचा ढीग, शेजारून आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, आतमध्ये चहा चढलेला. पाळक (चर्चचे धर्मगुरू) २३वं स्तोत्र, "यहोवा मेरा चरवाहा है", सुरू करतात आणि कोपऱ्यातली आजी त्याच वेळी "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" म्हणत असते, दोन्ही शेवटपर्यंत बरोबर चालतात, कुणी कुणाला थांबवत नाही. ज्याच्यावर आलंय तो बहुतेक वेळा काहीच म्हणत नाही, नुसता बसून असतो, त्याच्या वाटचं बाकीचे म्हणतात. माझ्या मते टिकून राहण्याचा अर्धा भाग हाच आहे, उगाच एकट्याच्या खांद्यावर टाकतात लोक.

मराठीत या विषयावर नाव निघतं ते पंडिता रमाबाईंचं (१८५८ ते १९२२). त्यांचं बरंचसं दुःख बाप्तिस्म्याच्या, म्हणजे ख्रिस्ती होण्याच्या, आधीचं आहे हे सांगायचं राहून जातं: १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये कॉलऱ्यानं नवरा, आणि बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडला. म्हणजे सगळं नीट चाललेलं असताना धरलेला हा विश्वास नव्हे. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात आणि १८९९-१९०० मध्ये गुजरातेत जाऊन उपाशी मुली त्यांनी पुण्याजवळ केडगावला आपल्या आश्रमात आणल्या, भूक स्वतः बघितलेली बाई होती. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम सोडलं नाही.

इंदूरच्या आसपासचं उदाहरण सिस्टर राणी मारियाचं. मूळ केरळची ही कॅथलिक नन उदयनगरकडे आदिवासींमध्ये काम करायची, सावकारांच्या तावडीतून त्यांना सोडवायचं तर काहींना ते खुपणारच. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरला येताना बसमध्येच तिच्यावर चाकूचे वार झाले आणि ती गेली. मारेकरी समंदर सिंह याला जन्मठेप झाली. राणी मारियाची धाकटी बहीण, तीही नन, २००२ मध्ये राखीच्या दिवशी तुरुंगात गेली आणि त्याला राखी बांधून आली. तो २००६ मध्ये सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरमध्येच राणी मारियाला धन्य (कॅथलिक चर्चमध्ये संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. समंदर सिंह तिच्या कबरीवर जात राहिला, आणि केरळला तिच्या आईवडिलांकडेही जाऊन आला.