ओल पायाशी, गळती पाठीशी

जूनमध्ये पुण्यात पावसानं जोर धरला की जुन्या दोन-सीटर स्पोर्ट्स गाड्यांची एकच तक्रार गॅरेजात येते: पायाखालचं कार्पेट ओलं, काचा आतून धुरकट, केबिनमध्ये कुबट वास. उपायही ठरलेला. दरवाजाला नवं रबर, वरून सिलिकॉनची अख्खी ट्यूब. पुढच्या सरीला कार्पेट पुन्हा ओलं.

याचं कारण गाडीच्या रचनेतच आहे. गाडी बरंचसं पाणी मुद्दाम आत घेते आणि ठरावीक वाटेनं खाली सोडते. समोरच्या काचेवरून ओघळलेलं पाणी वायपरखालच्या पन्हळीत पडतं. दाराच्या काचेला चिकटून आलेलं दाराच्या पोटात उतरतं. कापडी छताच्या मागच्या कडेचं पाणी सीटमागच्या नळ्यांतून गाडीखाली जातं. माझ्दा एमएक्स-5 च्या पहिल्या पिढीत (1989 ते 1997) या नळ्यांची तोंडं सीटबेल्टच्या खांबांपाशी आहेत आणि पाणी मागच्या चाकांच्या पुढे बाहेर पडतं. पोर्शे बॉक्स्टरच्या पहिल्या पिढीत छताच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांत अशीच सोय आहे. रबर म्हातारं होतंच, पण त्याच्या आधी या वाटा तुंबतात. म्हणून आधी बाहेर जायची वाट मोकळी करायची आणि मगच आत यायची भोकं शोधायची.

तुंबण्याचा हिशोब सोपा आहे. तासाला 50 मिलिमीटरच्या सरीत एक चौरस मीटरवर 50 लिटर पाणी पडतं. समोरच्या काचेची आडवी छाया साधारण तेवढीच धरली, तर पन्हळीत मिनिटाला पाऊण लिटरहून जास्त पाणी येतं. पन्हळीत चार लिटर मावत असेल आणि भोक बंद असेल, तर पाच मिनिटांत ती काठोकाठ भरते आणि पाणी ब्लोअरच्या, म्हणजे केबिनमध्ये हवा सोडणाऱ्या पंख्याच्या, तोंडातून आत उतरतं. पुण्यात तर गाड्या सावलीसाठी गुलमोहराखाली किंवा वर्षावृक्षाखाली लावतात. गुलमोहराची पानं म्हणजे बोटाच्या नखाएवढ्या पर्णिका. त्या जाळीतून सहज आत जातात आणि पावसात भिजून भोकापाशी लगदा होऊन बसतात. मोठं पान परवडलं, ते जाळीवर अडतं तरी.

शोध सुरू करण्याआधी पाणी कुठलं आहे ते ठरवा. बोटाला चिकट, गोडसर वासाचं, रंगीत पाणी आणि समोरच्या काचेवर आतून तेलकट थर असेल, तर तो हीटरच्या रेडिएटरमधून गळणारा कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, आहे. पावसाचा काही संबंध नाही. स्वच्छ पाणी आणि तेही एसी चालवल्यावरच दिसत असेल, तर एसीची निचरा-नळी तुंबली आहे. दमट दिवशी एसीच्या कॉइलवर तासाला अर्धा-एक लिटर पाणी सहज जमतं. या दोन्ही शक्यता पुसल्यावरच पावसाकडे वळा.

पावसाचं पाणी जिथे दिसतं तिथून ते आलेलं नसतं. सीटमागे शिरलेलं पाणी उंबऱ्याच्या कडेनं, कार्पेटखालच्या फोममधून, ब्रेक मारताना किंवा उतारावर उभ्या गाडीत पुढे सरकतं आणि चालकाच्या पायाशी साचतं. आडवं मात्र ते सहसा जात नाही, कारण दोन सीटमधला पत्र्याचा उंचवटा, म्हणजे मधला बोगदा, वाट अडवतो. डाव्या बाजूची ओल असेल तर गळती डावीकडेच शोधायची. एवढ्या एका नियमानं निम्मं काम वाचतं.

कार्पेट आणि त्याखालचा फोम काढल्याशिवाय शोध निरर्थक आहे. सीट काढण्याआधी बॅटरीची वायर सोडवा आणि निदान दहा मिनिटं थांबा, कारण सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगच्या यंत्रणेचे असतात. ते सुटे असताना चावी फिरवली तर डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा लागून राहतो आणि तो घालवायला स्कॅनर लागतो. पहिल्या पिढीच्या बॉक्स्टरमध्ये इमोबिलायझरचं (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचं) नियंत्रण-युनिट सीटखालीच, जमिनीलगत आहे. ते भिजलं की गाडी सुरूच होत नाही, त्यामुळे तिथे ओल दिसताच युनिट काढून कोरडं करणं हे पहिलं काम.

उघडा पत्रा पुसून कोरडा केला की त्यावर टाल्कम पावडर भुरभुरा. पाण्याचा ओघळ तिच्यावर स्पष्ट रेघ काढतो. एक जण टॉर्च घेऊन आत, दुसरा बाहेर बागेचा पाइप घेऊन. पाइपला नोझल नको, धार संथ हवी. सुरुवात खालून: आधी दाराचा तळ, मग काचेची कड, मग समोरची काच, शेवटी छत. प्रत्येक जागी पाच मिनिटं. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. प्रेशर वॉशर या कामाला बिलकूल नको. त्याची धार चांगल्या रबराखालूनही आत घुसते आणि नसलेली गळती दाखवते.

निचरा-नळीची परीक्षा मोजून घ्या. वरच्या तोंडात एक लिटर पाणी हळू ओता, खाली घमेलं ठेवा. घमेल्यात सातशे मिलिलिटरच आलं तर उरलेलं गाडीत कुठेतरी आहे, म्हणजे नळी मधेच सुटली किंवा फाटली आहे. डावी-उजवी बाजू ताडून पाहा. एकीकडे पाणी रेंगाळत असेल तर ती बाजू अर्धवट तुंबलेली. साफ करायला पडद्याची प्लॅस्टिकच्या आवरणाची स्प्रिंग उत्तम, टोक गुळगुळीत करून. नंतर 50 मिलिलिटरच्या सिरिंजनं कोमट पाणी. कंप्रेसरची हवा मारू नका. जुनी नळी सांध्यातून निखळते आणि मग पाणी थेट पत्र्याच्या पोकळीत उतरतं, जिथे हातही पोहोचत नाही.

सगळ्यात जास्त फसवते ती दाराच्या आतली पारदर्शक झिल्ली. दाराच्या पोटात पाणी येणारच. ते खालच्या छोट्या भोकांतून बाहेर जातं आणि झिल्ली त्याला केबिनपासून दूर ठेवते. स्पीकर बदलताना किंवा पॉवर विंडोच्या दुरुस्तीत कोणीतरी ती फाडतो, सेलोटेपनं चिकटवतो, आणि पहिल्या पावसात टेप सुटते. पाणी दाराच्या पॅनेलमागून उंबऱ्यावर आणि तिथून कार्पेटवर. मालक मात्र महिनोन्‌महिने दाराचं रबर बदलत बसतो. उपाय स्वस्त आहे: जाड पॉलिथिन, कडेनं ब्युटाइलची (न सुकणाऱ्या रबराची) चिकट पट्टी आणि खालची कड दाराच्या खाचेतून दाराच्या पोटात. कौलारू छपरात वरचं कौल खालच्यावर चढतं, तसं इथेही वरच्या थरानं पाणी खालच्या थरावर सोडलं पाहिजे. ही कड केबिनच्या बाजूला आली की बाकी सगळी मेहनत पाण्यात. दाराच्या तळाची भोकं त्याच वेळी दाभणानं मोकळी करा.

रबराकडे वळायचंच तर आधी कागदाची पट्टी घ्या. ती रबरात धरून दार लावा आणि ओढा. सगळीकडे सारखा अडथळा जाणवला पाहिजे. अनेक स्पोर्ट्स कारच्या दाराला काचेची चौकट नसते. काच थेट रबरावर टेकते. अशा गाडीत गळती बऱ्याचदा रबराची नसून काचेच्या कोनाची असते. ज्या मॉडेलमध्ये दार उघडताना काच किंचित खाली येते आणि बंद केल्यावर वर जाते, तिथे अशक्त बॅटरीमुळेही काच पूर्ण वर जात नाही. बाजारात मिळणारी सरसकट मापाची डी-आकाराची पट्टी लावण्याचा मोह टाळा. ती जाड पडली तर दार लागत नाही आणि काच बाहेर ढकलली जाते. मूळ मापाचं रबर बसवताना ते ताणू नका आणि जोड दाराच्या तळाशी ठेवा. साधं ग्रीस किंवा पेट्रोल दाराच्या ईपीडीएम या कृत्रिम रबराला फुगवतं; सिलिकॉन ग्रीसच वापरा.

बाथरूमचं सिलिकॉन तर नकोच. व्हिनेगरसारखा वास येणारा प्रकार सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतो, त्यानं पत्रा गंजतो, आणि त्या जागेवर नंतर रंगही धरत नाही. चिकटवलेल्या समोरच्या काचेची गळती असेल तर काच काढून, खालचा गंज पत्र्यापर्यंत घासून, प्रायमर मारून पॉलियुरेथेननं पुन्हा बसवणं एवढाच खरा मार्ग आहे, आणि ते काम काचवाल्याचं. जुन्या रबरी चौकटीतल्या काचेला मात्र न सुकणारं सीलंट रबराच्या ओठाखाली भरून बराच काळ निभावतं.

गाडी उभी असताना कोरडी आणि पळताना ओली, हे कोडंही सुटतं. ताशी 100 किलोमीटर वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा दाब सुमारे 460 पास्कल असतो, म्हणजे साडेचार सेंटिमीटरहून जास्त उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर या वेगानं जाताना वायपरखालच्या पन्हळीत त्यातला बराचसा दाब येतो आणि एरवी कडेशी थांबलेलं पाणी वर ढकललं जातं. छतावर उलट, कमी दाबामुळे कापड आणि काच रबरापासून किंचित बाहेर ओढली जाते. उभ्या गाडीतही पाणी वर चढू शकतं: दोन स्वच्छ काचांमधल्या 0.1 मिलिमीटरच्या फटीत ते पृष्ठताणामुळे चौदा सेंटिमीटरच्या आसपास चढतं. रंगवलेल्या पत्र्यावर ते कमी चढतं, पण जोडाच्या बारीक फटीत थोडंही पुरे.

वायरही पाणी वाहून नेते. म्युझिक सिस्टीमसाठी इंजिनकडून भोक पाडून वायर आणली असेल, तर भोकाला ग्रोमेट, म्हणजे रबरी कडं, हवं आणि भोकात शिरण्याआधी वायरनं खाली झुकून वळण घ्यायला हवं, म्हणजे थेंब तिथेच गळतो.

कार्पेट सुकवताना सिलिका जेलच्या पुड्यांवर भिस्त ठेवू नका. अर्धा किलो जेल फार तर दोनशे ग्रॅम पाणी धरतं आणि भिजलेल्या फोममध्ये कित्येक लिटर असतं. फोम बाहेर काढून, दाबून, पंख्याखाली उभा करा. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत बंद खोलीत एसी किंवा डीह्युमिडिफायर लागतोच. पाणी निघून जावं म्हणून जमिनीचे रबरी बूच काढून ठेवणारेही आहेत. त्या भोकांतून रस्त्यावरचा चिखल आत येतो. पत्र्यावरचा गंज घासून एपॉक्सी प्रायमर मारल्यावर लगेच कार्पेट चिकटवू नका. पत्र्यावर वर्तमानपत्र पसरून दोन-तीन मोठ्या सरी जाऊ द्या, त्यातली एक तरी गाडी चालवताना. कागद सुकाच राहिला की मग सीट बसवायची.