प्रोग अल्बमचे परीक्षण आणि ऐकण्याचा अवधी : पार्श्वभूमी

प्रोग्रेसिव्ह रॉक आणि मेटलच्या, म्हणजे थोडक्यात ‘प्रोग’च्या, नव्या अल्बमचे परीक्षण वाचताना, अल्बम कसा आहे याबरोबरच आणखी एक प्रश्न विचारायला हवा : लिहिणाऱ्याच्या हाती तो किती दिवस आधी आणि कोणत्या स्वरूपात पडला होता? या संगीतात पंधरा-वीस मिनिटांच्या रचना असतात, आरंभी ओझरती येऊन गेलेली धून शेवटी वेगळ्या तालात परतते, आणि ही नाती दुसऱ्या-तिसऱ्या श्रवणाशिवाय उलगडत नाहीत. त्यामुळे ऐकायला मिळालेला अवधी हाच अशा परीक्षणाचा पाया असतो. गेल्या पंचवीस वर्षांत या पायाला जे धक्के बसले, त्यांचा हा मागोवा आहे.

आरंभीच्या काळाबद्दल फार सांगायला नको. ऑक्टोबर १९६९ मध्ये लंडनच्या एका नवख्या बँडचा जो अल्बम आला, तेथून ही परंपरा मोजण्याचा प्रघात आहे. त्या काळी एलपीच्या, म्हणजे मोठ्या तबकडीच्या, एका बाजूवर साधारण २० ते २२ मिनिटे मावत आणि रचनांची लांबीही त्याच मापाने ठरत असे. डिसेंबर १९७३ मध्ये इंग्लंडमध्ये चार बाजूंवर मिळून चारच रचना असलेला एक जोडअल्बम निघाला, तेव्हा तिथल्या अनेक समीक्षकांनी अतिरेकाचा नमुना म्हणून त्याची संभावना केली. पुढे तीनेक वर्षांत पंक हा आखूड, साध्या गाण्यांचा रॉक आल्यावर तोच शिक्का या साऱ्या प्रकारावर बसला. तरीही त्या समीक्षकांच्या हाती अखंड तबकडी होती, एवढे मान्य करावे लागते. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली आणि एका तबकडीवर ७४ मिनिटे मावू लागली. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या एका बँडचे आठ मिनिटांचे गाणे काटछाट करून दूरचित्रवाणीवर गाजले आणि प्रोग मेटलला बाजार मिळाला. त्या दशकात सत्तर मिनिटांचा अल्बम ही नेहमीची गोष्ट झाली. म्हणजे एका पिढीत परीक्षकाचे काम जवळजवळ दुपटीने वाढले.

पुण्यात हे संगीत त्या वर्षांत पोहोचले ते मुख्यतः कॅसेटवर. आयात केलेली सीडी विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर असे. ज्याच्याकडे ती असेल त्याच्याकडून कोऱ्या कॅसेटवर अल्बम उतरवून घेतला जाई, आणि शेवटच्या रचनेची दोन-चार मिनिटे कॅसेट संपल्यामुळे कायमची तुटलेली असत. अलाहाबादहून १९९३ साली निघालेले रॉक संगीताचे इंग्रजी मासिक हा माहितीचा मोठा आधार होता. मराठी वृत्तपत्रांतील संगीतसमीक्षा तेव्हा प्रामुख्याने मैफलींची होती. १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव ऐकत आलेल्या या शहरात त्या समीक्षेची शिस्तही पक्की होती, आणि तिचा धाक आमच्यासारख्या रॉकवर लिहू पाहणाऱ्यांनाही वाटत असे. पण ती शिस्त अल्बमला जशीच्या तशी लागू होत नाही. मैफल एकदाच होते, म्हणून तिच्यावर एका श्रवणात लिहिणे रास्त आहे. अल्बम मात्र पुन्हा पुन्हा ऐकण्यासाठीच घडवलेला असतो.

वादाचा खरा मुद्दा उभा राहिला तो १९९९ नंतर. एमपी३ फायली एका संगणकावरून दुसऱ्यावर सहज जाऊ लागल्या आणि दहावीचा पेपर फुटावा तसे अल्बम फुटू लागले. प्रदर्शनाच्या कित्येक आठवडे आधी परीक्षकांना पाठवलेली प्रोमो सीडी हीच ती गळतीची जागा, असा कंपन्यांचा ग्रह झाला आणि तो पुष्कळ अंशी खराही होता. २००२ साली अमेरिकेतल्या एका बड्या कंपनीने नवे अल्बम सीडी प्लेअरमध्ये घालून तो प्लेअर आणि हेडफोनची पिन गोंदाने चिकटवून समीक्षकांकडे धाडली. मेटलचे अल्बम काढणाऱ्या लहान कंपन्यांना हा खर्च परवडणारा नव्हता. त्यांच्यातल्या काहींनी दोन स्वस्त उपाय काढले : संगीत चालू असतानाच मध्ये मध्ये बँडचे आणि अल्बमचे नाव सांगणारा माणसाचा आवाज मिसळणे, किंवा सबंध अल्बमचे ९९ तुकडे करून सीडीवर भरणे.

या दोन उपायांवर तेव्हा जेवढी कडू भांडणे झाली तेवढी गुणांकनाच्या पद्धतीवरही झाली नसतील. कंपन्यांची बाजू पोकळ नव्हती. काही हजार प्रतींच्या विक्रीवर ज्यांचे वर्ष निभावते, त्यांच्या दृष्टीने पहिल्या आठवड्याची विक्री बुडणे म्हणजे पुढच्या बँडला द्यायचे पैसे बुडणे होते. आणि परीक्षकाला अल्बमचा अंदाज येण्यापुरते ऐकू आले म्हणजे झाले, असे त्यांचे म्हणणे होते. काही परीक्षकांनी अशा प्रतींवर लिहायला साफ नकार दिला, काहींनी परीक्षणाच्या शेवटी तशी टीप जोडली, आणि बऱ्याच जणांनी मुकाट्याने लिहिले. माझ्या मते नकार देणाऱ्यांचे बरोबर होते. तीन मिनिटांच्या गाण्यात मध्येच बोलणारा माणूस ही कटकट आहे. बारा मिनिटांच्या रचनेत मात्र ड्रम थांबून एकटी अकूस्टिक गिटार उरते आणि पुढच्या स्फोटाची तयारी होते, नेमक्या तिथे तो बोलला तर ती रचनाच ऐकली गेली नाही असे म्हणावे लागते. शांततेला जिथे बांधणीत स्थान आहे, तिथे ती बुजवून ‘अंदाज’ येत नाही.

तुकड्यांचा उपाय वरवर निरुपद्रवी दिसे, पण त्याचा हिशेब करून पाहावा. सत्तर मिनिटांचे ९९ भाग केले की एक भाग सुमारे ४२ सेकंदांचा होतो. सीडी प्लेअरवर ते सलग वाजत. पण प्रवासात ऐकण्यासाठी त्यांच्या एमपी३ फायली केल्या की प्रत्येक जोडावर क्षणभर खंड पडे. या संगीतात मात्रांची मोजदाद कशी चालते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या खंडाची किंमत कळेल. एक नेहमीची रचना घेऊ : गिटार आणि बास ड्रम सात मात्रांचा तुकडा घोळवत राहतात आणि त्यावर झांज सरळ आठ मात्रांचे आवर्तन धरून असते. आठ आवर्तनांच्या ६४ मात्रांत तो तुकडा नऊ वेळा बसतो, ६३ मात्रा होतात, एक उरते. त्या उरलेल्या मात्रेवर तुकडा नुसता उचलून तोडायचा आणि सर्वांनी मिळून समेवर यायचे. मध्यम लयीत याला सतरा-अठरा सेकंद लागतात आणि तीन-चार वेळा फिरल्याशिवाय ते कानात बसत नाही. रूपक आणि तीनताल ओळखणाऱ्या पुणेकर श्रोत्याला ही गंमत समजावून सांगायला दोन वाक्ये पुरतात. परंतु ज्याच्या प्रतीत दर ४२ सेकंदांनी खाच आहे, त्याला सम कुठे आली हे कळणेच अवघड होते. त्या वर्षांतील पुष्कळ परीक्षणांत वादकांच्या तयारीचे कौतुक भरभरून सापडते आणि बांधणीविषयी दोन ओळीही सापडत नाहीत, याचे एक कारण मला इथे दिसते.

पुण्याच्या बाबतीत परिस्थिती उलटी होती. इथे प्रोमो सीडी क्वचितच येत असत. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या वसतिगृहांत मात्र खोल्याखोल्यांतले संगणक एकाच जाळ्यात जोडलेले असत आणि डीसी प्लस प्लस या फाइल-वाटपाच्या प्रोग्रॅमवरून अख्खेच्या अख्खे संग्रह रात्रीतून उतरवले जात. परदेशातल्या अधिकृत परीक्षकाकडे बोलणारी किंवा चिरफाळलेली प्रत असताना, इथल्या विद्यार्थ्याकडे छपाईनंतर फुटलेली सलग प्रत असे. ती विनापरवाना होती आणि तिच्यातून कलाकाराला एक पैसाही मिळत नव्हता, हे नाकारता येणार नाही. पण या शहरातली प्रोगची जाण तिच्यावरच पोसली गेली, आणि पुढे जे इथून लिहू लागले त्यांचे कान अखंड अल्बमवर तयार झालेले होते.

हळूहळू दोन्ही उपाय मागे पडले. प्रत्येक परीक्षकाच्या प्रतीत ऐकू न येणारी खूण घालण्याची सोय झाली. फाइल फुटली तर ती कोणाची हे शोधता येऊ लागले. त्यानंतर फाइल देणेही बऱ्याच ठिकाणी बंद झाले आणि नुसता दुवा येऊ लागला, तोही अमुक तारखेपूर्वी काही छापायचे नाही या अटीवर. एका परीने हा बदल चांगलाच होता, कारण संगीत पुन्हा अखंड झाले आणि पुण्यात बसलेल्या माणसालाही प्रोमो मिळू लागला. अवधी मात्र आटला. १० जुलै २०१५ पासून जगभर शुक्रवार हाच प्रदर्शनाचा दिवस ठरला. पूर्वी इंग्लंडमध्ये सोमवारी आणि अमेरिकेत मंगळवारी अल्बम येत, आता सगळे एकाच दिवशी येऊन कोसळतात, आणि परीक्षणही त्याच दिवशी निघाले नाही तर ते शिळे मानले जाते. त्यात २००८ पासून बँडकॅम्पसारख्या सोयींमुळे घरच्या खोलीत ध्वनिमुद्रित केलेले अल्बम कंपनीशिवाय थेट येऊ लागले, आणि जेंट म्हणून ओळखला गेलेला प्रोग मेटलमधला सारा प्रवाह बऱ्याच अंशी याच वाटेने वाढला.

याच काळात पुण्याचा या संगीताशी प्रत्यक्ष संबंध आला. २०१० साली शहरात सुरू झालेल्या बहुमंचीय महोत्सवाने रॉक आणि मेटलला दरवर्षीचे हक्काचे व्यासपीठ दिले आणि २०१६ मध्ये इंग्लंडच्या एका आघाडीच्या प्रोग संगीतकाराचा कार्यक्रम तिथे झाला. भारतीय बँडही मागे नव्हते : २०१२ मध्ये दोन भागांचा, एक भाग इंग्लंडमधील गायकाने गायलेला अल्बम आला, तर २०१३ मध्ये मुंबईच्या एका बँडने सलग संकल्पनेवरचा अल्बम हिंदीत केला. अशा अल्बमवर लिहिणारे आणि वाजवणारे बहुधा एकमेकांच्या ओळखीचे असतात, आणि त्यामुळे परीक्षणे मवाळ होतात ही तक्रार खरी आहे.

परदेशी कंपनीची मोठी स्ट्रीमिंग सेवा फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतात आली. तिथे ३० सेकंद वाजले की गाणे ऐकले गेल्याची नोंद होते आणि एक मिनिटाच्या गाण्याला जेवढी नोंद तेवढीच वीस मिनिटांच्या रचनेला मिळते. त्याच वर्षी ३० ऑगस्टला अमेरिकेतल्या एका बँडचा तब्बल १३ वर्षांनी अल्बम आला : सीडीवर सात रचना, डिजिटल आवृत्तीत दहा. जादा तीन या जोडकामाच्या छोट्या रचना होत्या, पण त्यांच्यामुळे मोठ्या रचनांमधला श्वास बदलतो. त्या शुक्रवारी निघालेल्या काही परीक्षणांत आपण कोणती आवृत्ती ऐकली याचा उल्लेखच नव्हता.

आता काही जाणती संकेतस्थळे दोन गोष्टी करू लागली आहेत. परीक्षणाच्या तळाशी प्रत कोणत्या स्वरूपात मिळाली, म्हणजे दुवा, फाइल की तबकडी, आणि फाइल असेल तर ती किती दाबलेली (कॉम्प्रेस केलेली) होती, हे लिहिले जाते. शिवाय काही महिन्यांनी त्याच परीक्षकाकडून फेरविचार मागवणारे सदर चालवले जाते, ज्यात आधी दिलेले गुण कारणासकट वाढवले किंवा कमी केले जातात. पुण्यातून लिहिणाऱ्यांपैकी कोणी मराठीत असे सदर सुरू केले, तर पहिल्या मजकुराची सामग्री गेल्या दहा वर्षांच्या शुक्रवारी परीक्षणांतच पडून आहे.