दहा दिवसांचं बाळ

कोल्हापुरात ज्याला सगळे सीपीआर म्हणतात, ते छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय पूर्वी आल्बर्ट एडवर्ड नावानं ओळखलं जाई. 1886 मध्ये त्याच्या स्त्री-विभागाची जबाबदारी संस्थानानं डॉ. आनंदीबाई जोशी यांना देऊ केली. चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं होतं. अमेरिकेत प्रबंध लिहिला तोही प्रसूतिशास्त्रावरच. फेब्रुवारी 1887 मध्ये क्षयानं त्या गेल्या आणि कोल्हापूरला रुजू होणं राहूनच गेलं. त्याची रुखरुख मला आजही वाटते.

त्या काळी नवजात बाळांचा जीव घेणारे जंतू त्यांच्यापर्यंत पोचायचे ते बहुतेक हातांतून आणि नाळेतून. हातांचं डॉक्टर सेमेलवाइस यांनी व्हिएन्नात 1847 मध्येच दाखवलं होतं: क्लोरीनच्या पाण्यात हात धुतले की बाळंतरोगाचे मृत्यू झपाट्यानं घटतात. आपल्याकडे नाळ मात्र घरातल्या विळ्यानं कापली जात राहिली. वर राख, कुठे शेण. त्यातूनच धनुर्वाताचे जंतू आत शिरत. चांगलं पिणारं बाळ पाच-सहा दिवसांनी दूध ओढेनासं होई, जबडा आवळला जाई, नुसता हात लागला तरी अंग ताठ होई. पाचवीला पाटा-वरवंटा पुजून सटवाईपुढे हात जोडणाऱ्या आज्यांची धास्ती उगीच नव्हती. तो आठवडा खरोखरच घातकी होता.

उपाय साधा निघाला. गरोदरपणी आईला धनुर्वाताची लस, जिचं संरक्षण वारेतून बाळाला मिळतं. आणि सुईणीच्या हाती एक पुडकं: साबण, कोरं ब्लेड, नाळ बांधायला स्वच्छ दोरा, खाली अंथरायला प्लास्टिक. नाळेला काही लावायचं नाही, कोरडी ठेवायची. 2005 च्या जननी सुरक्षा योजनेनं बाळंतपणं दवाखान्यात आणायला जोर दिला. 2015 मध्ये माता आणि नवजात धनुर्वाताचं भारतातून उच्चाटन झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं, म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण.

दवाखान्यातले जंतू वेगळे. अमेरिकेत भर ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस या जंतूवर, म्हणून तिथं गरोदरपणी तपासणी करून कळांच्या वेळी पेनिसिलिन देतात. आपल्याकडे क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर जास्त, आणि ते नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देत नाहीत. त्यामुळे हात धुणं आणि विनाकारण आतून न तपासणं यांचं मोल वाढलंय. पाणमोट फुटून 18 तास उलटले की बाळाचा धोका वाढतो. म्हणूनच लांब डोंगरातल्या गगनबावड्याकडून जीप करून आलेल्या बाईच्या सासूला सिस्टर विचारतात, "मावशी, पाणी किती वाजता गेलं?"